जुन्या एंजिनांचा जीर्णोद्धार

इ. स. १९९० सालीं इंग्लंडच्या उच्च न्यायालयांत एक विलक्षण दावा चालला. वादाचा विषय शेतजमीन नव्हता, वारसाहक्क नव्हता, कीं पेढीवरचा हिशेबहि नव्हता. वाद होता एका जुन्या शर्यतीच्या मोटारीसंबंधीं. एका गृहस्थानें आपली बेंटली मोटार एका कंपनीस विकण्याचा करार केला. किंमत ठरली सुमारें एक कोटि पौंड. करार झाल्यावर खरेदीदाराच्या मनांत शंका उत्पन्न झाली. फ्रान्समधील ल मान येथील चोवीस तासांची शर्यत १९२९ व १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें जिंकणारी जी गाडी, तीच ही गाडी काय? हिचें एंजिन त्या वेळचें नाहीं, सांगाडा त्या वेळचा नाहीं. मग एवढें द्रव्य मोजावयाचें तें कशाबद्दल? खरेदीदारानें माघार घेतली, आणि विक्रेत्यानें न्यायासनापुढें धांव घेतली.

हा प्रश्न वरवर पाहतां श्रीमंतांच्या हौसेचा वाटेल. परंतु ज्याच्या घरीं आजोबांचें घड्याळ आहे, आणि त्या घड्याळाची कमान, कांटे व तबकडी हीं वेळोवेळीं बदललेलीं आहेत, त्याच्या मनांत हा प्रश्न एकदां तरी येऊन गेलेला असतो. झिजलेल्या यंत्रांत परका भाग घातला म्हणजे यंत्र वांचतें. पण जें वांचलें, तें पूर्वींचेंच यंत्र म्हणावयाचें काय? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर त्या मोटारीची जन्मकथा प्रथम पाहिली पाहिजे.

या मोटारीचा जनक वॉल्टर ओवेन बेंटली. त्याचा जन्म १८८८ सालीं लंडनमध्यें झाला. वयाच्या सोळाव्या वर्षीं तो डाँकास्टर येथील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीस लागला व आगगाडीच्या एंजिनांवर हात काळे करून धातूंची पारख शिकला. पुढें भावाच्या भागीदारींत तो डी. एफ. पी. नांवाच्या फ्रेंच मोटारी लंडनमध्यें विकूं लागला. १९१३ सालीं तो त्या फ्रेंच कारखान्यांत गेला असतां, कचेरींतील मेजावर कागद उडूं नयेत म्हणून ठेवलेला एक लहानसा पिस्टन त्याच्या दृष्टीस पडला. तो पिस्टन ॲल्युमिनियमचा होता. त्या काळीं पिस्टन सामान्यतः ओतीव लोखंडाचे किंवा पोलादाचे असत. ॲल्युमिनियम वजनानें हलकें आणि उष्णता लौकर वाहून नेणारें खरें. परंतु एंजिनाच्या आगींत तें टिकाव धरील, असा भरंवसा कोणास नव्हता. बेंटलीनें शंभरांत बारा भाग तांबें मिसळलेल्या ॲल्युमिनियमचे पिस्टन ओतवून घेतले आणि डी. एफ. पी.च्या एंजिनांत बसविले. एंजिन अधिक वेगानें फिरूं लागलें, आणि त्या लहानशा गाडीनें ब्रुकलंड्सच्या धांवपट्टीवर आपल्या वर्गांतील विक्रम मोडले. पहिल्या महायुद्धांत हीच युक्ति ब्रिटिश विमानांच्या एंजिनांस उपयोगीं पडली.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ज्या बेंटलीच्या एंजिनांतील एकेक मूळ खिळा आज शोधून जपला जातो, त्या बेंटलीचा लौकिक दुसऱ्याच्या एंजिनांत परका पिस्टन घालण्यापासून सुरू झाला.

युद्ध संपल्यावर १९१९ सालीं त्यानें स्वतःची कंपनी काढली, आणि लंडनच्या उत्तर भागांतील क्रिकलवुड येथें तिचा कारखाना उभा राहिला. १९२६ सालीं तेथून साडेसहा लिटरचें, सहा सिलिंडरांचें एंजिन बाहेर पडलें. सिलिंडरचा व्यास १०० मिलिमीटर व पिस्टनची धांव १४० मिलिमीटर; सहा सिलिंडरांचें आकारमान ६,५९७ घन सेंटिमीटर. प्रत्येक सिलिंडरास चार व्हाल्व व दोन स्पार्क प्लग. वरच्या कॅमच्या दांड्यास गति देण्यासाठीं इतर कारखानदार दांतांचीं चक्रें किंवा सांखळी वापरीत. बेंटलीनें तेथें तीन जोडदांडे बसविले. आगगाडीच्या एंजिनाचीं चाकें एकमेकांस दांड्यांनीं जोडलेलीं असतात, त्या रचनेशीं याचें नातें स्पष्ट दिसतें. डाँकास्टरची उमेदवारी वायां गेली नव्हती.

या एंजिनाची आणखी एक रीत होती, आणि तिच्यांतच पुढच्या दुरुस्त्यांचें बीज आहे. सिलिंडरांचा ठोकळा व त्याचें डोकें हीं दोन्ही एकाच ओतकामांत केलेलीं असत. निराळें डोकें नाहीं, म्हणून मध्यें घालावयाची गॅस्केट नाहीं. आणि गॅस्केट नाहीं, म्हणून ती फुटून गळती लागण्याची भीति नाहीं. परंतु व्हाल्व घासावयाचे झाले म्हणजे सगळा ठोकळाच उचलावा लागे, आणि व्हाल्व सिलिंडरांतून खालच्या बाजूनें काढावे लागत. शिवाय ठोकळ्याच्या पोटांत पाणी खेळविण्याच्या ज्या पोकळ्या असत, त्यांत वर्षानुवर्षें गंज व गाळ सांचे. भिंत आंतून पातळ होई, आणि एके दिवशीं तिला चीर पडे. डोकें निराळें असतें तर तेवढेंच बदलून भागलें असतें. येथें एका चिरेसाठीं सबंध ठोकळा टाकून देण्याची पाळी येई. म्हणून अशा एंजिनांसाठीं नवे ठोकळे ओतून घेण्याची वहिवाट इंग्लंडांत पडली. ओतकाम नवें, माप जुनें.

या साडेसहा लिटरच्या एंजिनाची अधिक जोरदार आवृत्ति 'स्पीड सिक्स' या नांवानें १९२८ सालीं निघाली. तिच्यांतील एका गाडीनें १९२९ च्या ल मानच्या शर्यतींत एक हा क्रमांक अंगावर घेऊन भाग घेतला. चालक दोघे: वुल्फ बार्नाटो आणि सर हेन्री बर्किन. चोवीस तासांनंतर पहिल्या चारहि जागा बेंटली गाड्यांनीं पटकाविल्या होत्या, आणि सर्वांच्या पुढें ही एक क्रमांकाची गाडी होती. तेव्हांपासून तिला 'ओल्ड नंबर वन' म्हणूं लागले. बार्नाटो हा किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवर धनाढ्य झालेल्या बार्नी बार्नाटोचा पुत्र. सरे परगण्याच्या क्रिकेट संघांत तो यष्टिरक्षण करी, आणि बेंटली कंपनीला त्याच्याच पैशाचा टेकू होता. ल मानच्या शर्यतींत तो तीनदां उतरला आणि तीनहि वेळां जिंकला.

१९३० सालीं सामना कठीण होता. रुडॉल्फ काराच्चिओला हा नामांकित जर्मन चालक सात लिटरची मर्सिडीज घेऊन आला होता. रात्रीं त्या गाडीच्या विजेच्या यंत्रणेनें दगा दिला व ती बाद झाली. बार्नाटो व ग्लेन किड्स्टन यांनीं ओल्ड नंबर वनला पुन्हां पहिली आणली. या विजयानंतर बेंटली कंपनीनें शर्यतींतून अंग काढून घेतलें. मंदीच्या वाऱ्यांत १९३१ सालीं कंपनीच बुडाली, आणि रोल्स-रॉइसनें ती विकत घेतली. गाडी मात्र बार्नाटोपाशीं राहिली, व ब्रुकलंड्सच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत जॅक डन्फी व सिरिल पॉल यांनीं १९३१ सालीं तिला आणखी एक विजय मिळवून दिला.

शर्यतीची गाडी ही देवघरांतील मूर्ति नव्हे. प्रत्येक शर्यतीनंतर ती खोलावयाची, झिजलेला भाग काढावयाचा, नवा घालावयाचा, आणि जमल्यास पूर्वींपेक्षां मजबूत घालावयाचा, हाच कारखान्याचा नित्यक्रम. जुना आंस फेंकून देतांना कोणाच्या मनांत इतिहास नव्हता. पुढची शर्यत होती. १९३२ सालीं या क्रमाचा कळस झाला. साडेसहा लिटरचें एंजिन काढून तेथें आठ लिटरचें एंजिन बसविण्यांत आलें. हें एंजिन परकें म्हणावें तर पूर्णपणें परकेंहि नव्हे. बेंटलीनें १९३० सालीं काढलेलें तें त्याच वंशांतील मोठें भावंड. पिस्टनची धांव तीच १४० मिलिमीटर. व्यास मात्र १०० चा ११० केलेला. व्यास दहा टक्क्यांनीं वाढला म्हणजे आकारमान एकवीस टक्क्यांनीं वाढतें. सहा सिलिंडरांचें मिळून तें ७,९८३ घन सेंटिमीटर झालें.

२४ सप्टेंबर १९३२ रोजीं ती गाडी पुन्हां ब्रुकलंड्सच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत उतरली. १९०७ सालीं बांधलेली ती काँक्रीटची धांवपट्टी वळणावर भिंतीसारखी उंच चढत असे. जॅक डन्फीचा भाऊ क्लाइव्ह गाडी चालवीत होता. एका वळणावर गाडी पट्टीच्या वरच्या कडेपर्यंत चढली आणि कड ओलांडून बाहेर कोसळली. क्लाइव्ह डन्फी जागच्या जागीं मरण पावला. मोडलेली गाडी पुढें पुन्हां बांधण्यांत आली. एंजिन तेंच आठ लिटरचें राहिलें.

आतां १९९० च्या दाव्याकडे वळूं. न्यायमूर्ति ऑटन यांच्यासमोर तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. गाडीचा एकेक अवयव तपासला गेला. १९२९ च्या विजयी गाडींतील म्हणून खात्रीनें ओळखतां येईल असें जवळजवळ कांहींच उरलेलें नव्हतें. १९३० च्या गाडींतील पेडलांचा दांडा, गिअरबॉक्सचें कवच व स्टिअरिंगचा खांब एवढे भाग शिल्लक होते. बाकीची चासी, पुढचा आंस, एंजिन हीं सर्व नंतरच्या फेरबांधणींतलीं. खरेदीदाराच्या शंकेला आधार होता, हें यावरून दिसून येईल.

तरीहि निकाल विक्रेत्याच्या बाजूनें लागला. त्यामागील विचार मननीय आहे. ही गाडी कारखान्यांतून जशी निघाली तशी आहे, असें म्हणतां येणार नाहीं, हें न्यायमूर्तींनीं मान्य केलें. परंतु जुने भाग गेले ते एका रात्रींत गेले नाहींत. नवा भाग आला तेव्हां सभोंवार जुने भाग होते, आणि तो त्यांत मिळून गेला. कोणत्याहि एका टप्प्यावर 'ही आतां ती गाडी राहिली नाहीं' असें म्हणण्याजोगा तुटकपणा आला नाहीं. शिवाय, 'ओल्ड नंबर वन' या नांवावर हक्क सांगूं शकेल अशी दुसरी कोणतीहि बेंटली जगांत नाहीं. विक्रीस काढला होता तो केवळ धातु नव्हे. त्याबरोबर इतिहास व लौकिकहि होता. काशीच्या विश्वेश्वराचें देऊळ अठराव्या शतकांत अहिल्याबाई होळकरांनीं पुन्हां बांधविलें, म्हणून तेथील विश्वेश्वर दुसरा झाला असें कोणी भाविक म्हणत नाहीं. न्यायमूर्तींचा निर्णय आपल्या या जुन्या समजुतीच्या फार जवळचा आहे.

पण अखंडपणा हीच जर कसोटी, तर ज्या यंत्राच्या आयुष्यांत मोठा खंड पडला त्याची वाट काय? याला उत्तर म्हणून दुसऱ्या एका गाडीची हकीकत सांगावी लागते. तिचें नांव 'बॅब्स'. इंग्लंडच्या केंट परगण्यांत काउंट लुई झ्बोरोव्स्की नांवाचा एक हौशी सरदार राही. त्यानें सत्तावीस लिटरचें 'लिबर्टी' जातीचें विमानाचें एंजिन घेऊन ही मोटार बांधविली. गिअरबॉक्स जर्मनीच्या बेंझ गाडीचा, आणि मागच्या चाकांस गति देण्यास सांखळ्या. १९२४ सालीं झ्बोरोव्स्की इटलींतील मोंझा येथील शर्यतींत ठार झाला. त्याच्या मागें ती गाडी जॉन पॅरी-थॉमस या वेल्समध्यें जन्मलेल्या इंजिनियरानें अवघ्या १२५ पौंडांस विकत घेतली, आणि एंजिनांत स्वतः आंखलेले पिस्टन व चार झेनिथ कार्ब्युरेटर बसविले. एप्रिल १९२६ मध्यें वेल्सच्या पेंडाइन येथील वाळवंटी किनाऱ्यावर त्यानें ताशीं १७१ मैलांचा जागतिक विक्रम केला.

पुढच्या फेब्रुवारींत माल्कम कँबेलनें त्याच किनाऱ्यावर हा विक्रम मोडला. तो परत मिळविण्यासाठीं ३ मार्च १९२७ रोजीं पॅरी-थॉमस पुन्हां बॅब्समध्यें बसला, आणि भरधांव वेगांत झालेल्या अपघातांत प्राणांस मुकला. मित्रांनीं ती मोडकी गाडी तेथेंच वाळूच्या टेंकडींत पुरून टाकली.

बेचाळीस वर्षें ती खाऱ्या वाळूखालीं राहिली. १९६९ सालीं बँगर येथील तंत्रविद्यालयांतील अध्यापक ओवेन विन ओवेन यांनीं परवानगी मिळवून ती उकरून काढली. मृताच्या स्मरणार्थ पुरलेली वस्तु वर काढणें योग्य काय, हा प्रश्न साधा नव्हता. परंतु वाळू कोणाचा मान राखीत नाहीं. ती लोखंड खाते. आणखी कांहीं वर्षांनीं तेथें स्मारकहि उरलें नसतें, केवळ गंज उरला असता. ओवेन यांनीं अनेक वर्षें खपून, जें वांचलें तें वांचविलें, जें गेलें तें नवें करविलें, आणि बॅब्सचें एंजिन पुन्हां धडधडूं लागलें.

या गाडीविषयीं 'मूळ भाग' हा शब्द वापरतांना जपावें लागतें. लिबर्टी एंजिन १९१७ सालीं अमेरिकेंत आंखलें गेलें तेंच मुळीं अनेक कारखान्यांनीं एका मापानें बनवावें म्हणून. पॅकार्ड, लिंकन, फोर्ड अशा निरनिराळ्या कारखान्यांतून तीं एंजिनें हजारोंनीं निघालीं. एकाचा भाग दुसऱ्यास बसावा हाच त्या आंखणीचा हेतु. तेव्हां एका लिबर्टीचा भाग दुसऱ्या लिबर्टींत घातला तर त्यांत बाट तो कसला? आणि अमेरिकन एंजिन, जर्मन गिअरबॉक्स व इंग्रज कारागिरी यांची ही मोट जन्मतःच परक्या अवयवांची होती. खंड पडला तो आयुष्यांत. तो खंड लपविला नाहीं, म्हणून ओळख तुटली नाहीं.

याचा अर्थ वाटेल तें घालावें आणि जुनें नांव सांगावें, असा मात्र नाहीं. जुनें एंजिन बांधणाऱ्या कारागिरापुढें रोजच निवड उभी असते. सिलिंडर लंबवर्तुळाकार झिजला तर तो बोअर करून मोठा पिस्टन घालावा, कीं आंत स्लीव्ह बसवून जुनें माप राखावें? क्रँकच्या बेअरिंगांत पूर्वींप्रमाणें पांढरा धातु ओतावा, कीं आजकालच्या पातळ शेल बेअरिंगांची सोय करावी? पहिल्यानें रूप राखलें जातें, दुसऱ्यानें आयुष्य वाढतें. दोहोंनाहि कारणें आहेत. अपराध घडतो तो केलेली गोष्ट न केल्यासारखी दाखविण्यांत. जुन्या भागावरील अंक खरवडून काढणें आणि नव्या ठोकळ्यावर जुना क्रमांक ठोकून तो मूळचा म्हणून विकणें, याला जीर्णोद्धार म्हणत नाहींत. याला खोटा दस्तऐवज म्हणतात.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें २०१२ सालीं जी सनद स्वीकारली, तिला तुरीन शहराचें नांव आहे. तिचा रोंख हाच आहे. शक्य तितकें जुनें राखावें. नवा भाग घालावा लागल्यास त्यावर ओळखतां येईल अशी खूण असावी. आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी. भारत सरकारनेंहि २०२१ सालीं जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपांत राखलेली, आणि जिच्या चासींत, अंगांत वा एंजिनांत मोठा फेरफार झालेला नाहीं अशी गाडी त्यांत 'व्हिंटेज' ठरते. नोंदणीच्या कामीं असा रेखीव नियम लागतोच. परंतु हाच नियम ओल्ड नंबर वनला लावला तर ती दारांतूनच परत जाईल, हेंहि विसरतां येत नाहीं. कायद्यास रेघ ओढावी लागते; इतिहासास ती रेघ पुष्कळदां अपुरी पडते.

समजा, उद्यां एखाद्या शुद्धतावाद्यानें ओल्ड नंबर वनमधील आठ लिटरचें एंजिन काढलें आणि तेथें १९२९ च्या धर्तीचें साडेसहा लिटरचें बसविलें. गाडी अधिक मूळ दिसेल. परंतु मग क्लाइव्ह डन्फी कोठें राहिला? ज्या एंजिनाच्या बळावर तो त्या शेवटच्या वळणावर चढला, तें एंजिन 'परका भाग' म्हणून कोपऱ्यांत पडेल, आणि गाडीच्या चरित्रांतील सर्वांत दुःखद पान फाडलें जाईल. यंत्राचा खरेपणा त्याच्या पहिल्या दिवसांत सांठवून ठेवलेला नसतो. तो त्याच्या सबंध आयुष्यांत असतो; जिंकलेल्या शर्यतींत असतो, तसा मोडून पुन्हां बांधलेल्या सांध्यांतहि असतो. सांधा दिसूं द्यावा, त्याची तारीख लिहून ठेवावी, आणि विचारणाऱ्यास ती सांगावी, एवढें केलें म्हणजे परका भागहि त्याच घरचा होतो.